गुऱ्हाळावर राहिलेला दिवस

पौष लागला की सकाळी सायकल घेऊन कळंब्याच्या पुढं जायचं नाही, असं मी दरवर्षी ठरवतो आणि दरवर्षी जातो. थंडीनं कान बधिर झालेले असतात, उसाच्या शेंड्यांवर धुकं बसलेलं असतं, आणि एखाद्या वळणावर तो वास येतो. उकळत्या रसाचा. तो नुसता गोड असतो असं म्हणणारा माणूस गुऱ्हाळावर कधी उभा राहिलेला नाही. त्यात धूर असतो, ओलसर चिपाड जळतानाचा उग्रपणा असतो, इंजिनाचं तेल असतं, आणि या सगळ्याच्या तळाशी कुठंतरी गूळ असतो. तो नाकात शिरला की मी ब्रेक दाबतो आणि एक पाय टेकवून रस्त्यातच उभा राहतो. मागून येणारा एखादा ट्रॅक्टरवाला ओरडतो, "ओ काका, रस्ता काय बाचा हाय?" मी मुकाट्यानं बाजूला होतो.

रस्ता माझ्या बापाचा नाही, हे कबूल. पण त्या रस्त्यावरचा एक दिवस आमच्या घरचा आहे.

बसवराज हा माझा धाकटा भाऊ. घरात बसू. आमचं घर लिंगायत, आई निपाणीकडची, त्यामुळं घरात निम्मं बोलणं मराठी आणि निम्मं कानडी. आईला आम्ही अव्वा म्हणायचो आणि मला सगळे अण्णा, अव्वासुद्धा. अप्पांचं, म्हणजे वडलांचं, भुसारी मालाचं दुकान होतं. मी बी. ए. होऊन नोकरीची वाट बघत होतो आणि बसूला दुकानात घालायचं ठरलं होतं. "नाव ह्येचं बसू आणि बसून खातोय त्यो," असं अप्पा आल्यागेल्याला माझ्याकडं बोट दाखवून सांगायचे. बसूला मात्र खरोखरच एका जागी बसणं ठाऊक नव्हतं. जेवतानासुद्धा त्याचा एक गुडघा हलत असायचा.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघं सायकलवरून कन्याकुमारीला जाऊन आलो. संक्रांतीनंतर दुकानात बसतो, पण त्याआधी जमीन संपते तिथवर जाऊन येऊ द्या, एवढीच बसूची अट होती. त्याला एकट्याला कोण सोडणार? मग घरात रिकामा असलेला थोरला बरोबर दिला. त्या काळी अशा दौऱ्यावर निघालेली पोरं सायकलच्या दांडीला पत्र्याची पाटी बांधायची. आमचीही होती, 'कोल्हापूर ते कन्याकुमारी', बसूनं स्वतः रंगवलेली. रंग त्यानं इतका जाड दिला होता की पार केरळात जाईपर्यंत पाटीला हात लावला की बोटं चिकट व्हायची.

दौऱ्यात दोन सायकली शेजारीशेजारी गप्पा मारत जातात असं ज्यांना वाटतं, त्यांनी दौरा केलेला नसतो. एक पुढं, एक मागं. बसू पुढं. वारा त्यानं अंगावर घ्यायचा, आणि खड्डा दिसला की डावा हात खाली सोडून ओरडायचं, "खड्डा!" मी मागून म्हणायचं, "व्हय!" माझं व्हय ऐकू आलं नाही तर तो थांबायचा, मान वळवून बघायचा आणि एक शिवी देऊन पुन्हा निघायचा. महिनाभर आमचं निम्मं बोलणं एवढंच. म्हणून त्याच्या तोंडापेक्षा मला त्याची पाठ जास्त आठवते. खाकी शर्ट, खांद्यांमध्ये घामाचा ओला पट्टा, गळ्यात अव्वानं विणलेला तांबडा मफलर. घाटात तो सीटवरून उठायचा तेव्हा मफलरची टोकं दोन्ही बाजूंना हलायची. तोंड आठवायला मला भिंतीवरच्या फोटोकडं बघावं लागतं. फोटोत तो उगीचच गंभीर आहे, कारण फोटोवाल्यानं त्याला हलू नको म्हणून बजावलं होतं.

दौऱ्यात घडायचं ते सगळं घडलं. कारवारच्या अलीकडं साखळी तुटली. एका खाडीत होडीतून सायकली उतरवताना माझी पाण्यात गेली आणि बसूनं कपड्यांसकट उडी मारली. केरळात एका कुत्र्यानं आमचा इतका पिच्छा पुरवला की शेवटी आम्हीच त्याच्यासाठी थांबलो आणि त्याला ब्रेड दिला. कन्याकुमारीला बसूनं समुद्राला पाटी दाखवली, "बघ, आलो." परतताना गोव्यातून आंबोलीचा घाट चढलो, आजऱ्यावरून गारगोटीला उतरलो. गारगोटीच्या स्टँडवर कोल्हापूरला निघालेली एसटी उभी होती आणि तिचा कंडक्टर आमच्याच गल्लीतला. बसूनं त्याच्या हाती घरी निरोप धाडला, "उद्या बुधवार. दुपारी जेवायला घरी." एसटी सायकलच्या आधी पोचते, निरोप माणसाच्या आधी पोचतो, आणि मग माणूस त्या निरोपाला बांधला जातो. एवढा मुलूख तुडवून आलेल्या आम्हाला एवढंही सुचलं नाही.

आम्ही पोचलो गुरुवारी.

अव्वा दारातच उभी होती. रागावली की ती कानडीत शिरायची आणि तिथंच राहायची. आधल्या दिवशी तिनं हुग्गी केली होती. हुग्गी म्हणजे खपली गव्हाची गुळातली खीर. आमच्याकडं मोठ्या सणाला होते किंवा फार लाडकं माणूस यायचं असेल तेव्हा. ती रात्रभरात गार होऊन पातेल्यात घट्ट बसली होती. अव्वानं ते पातेलं आमच्यापुढं आदळलं. बसूनं उलथन्यानं हुग्गीच्या वड्या पाडल्या आणि एकेक उचलून खात म्हणाला, "अव्वा, आज लागतीय तशी काल लागली नसती." अव्वाला हसू आलं. कुठं राहिला होता, हे विचारायचं त्या हसण्यात राहून गेलं.

त्याच वर्षी आषाढात बसू गेला. कावीळ झाली होती. ती अशी चढली की दवाखान्यात नेईपर्यंत डोळे झेंडूसारखे पिवळे झाले होते. याहून जास्त मला लिहिता येत नाही. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ माणसांना समजावलं, मास्तर झालो, शाळेत शोकसभेत भाषणंही केली. पण ते पिवळे डोळे समोर आले की मी अजून घरातल्या घरात खोल्या बदलत फिरतो.

मग सांगण्याचा काळ सुरू झाला. समाचाराला आलेलं माणूस गप्प किती वेळ बसणार? कुणीतरी म्हणायचं, "सायकलीवरनं पार कन्याकुमारीला गेलता की वो!" आणि सगळे माझ्याकडं बघायचे. मी सांगायचो. खाडी सांगितली, कुत्रं सांगितलं, तुटलेली साखळी सांगितली. अव्वा भिंतीला टेकून ऐकायची. माणसं गेली की म्हणायची, "त्ये कुत्र्याचं सांग की परत." मी परत सांगायचो. वर्षभर, दोन वर्षं, तीन वर्षं. सांगून सांगून त्या गोष्टी गुळगुळीत झाल्या. कुठं थांबायचं, कुठं हसू येतं, हे मला कळायला लागलं, आणि त्यातला बसू हळूहळू परका व्हायला लागला. तो बरोबर वेळेला उडी मारायचा, बरोबर वेळेला बोलायचा. खरा बसू असा नव्हता. खरा बसू नको तिथं शिंकायचा, गोष्ट रंगात आली की मध्येच उठून पाणी प्यायला जायचा. मी सांगत होतो तो पोरगा दुसऱ्याच कुणाच्या तरी घरचा होता. अव्वालाही ते कळलं असावं. एक दिवस तिनं मागणं बंद केलं.

घर गप्प झालं. बसूची सायकल बोळात भिंतीला टेकून उभी होती. दर सोमवारी अव्वा देवाची भांडी घासायची आणि त्याच राखेच्या हातानं सायकलचं हँडल पुसायची. पाटी अजून दांडीलाच होती.

असाच पौष होता. बसूला जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मला शाळा लागली होती, लग्न झालं होतं. दुपारी मी मागच्या अंगणात उन्हाला बसलो होतो आणि अव्वा तिळगुळासाठी गूळ फोडत होती. बाजारातून नव्या गुळाचा अख्खा रवा, म्हणजे ढेप, आला होता, हंड्याएवढा. तो पोत्यावर ठेवून ती लोखंडी बत्त्यानं हाणत होती. ठक, ठक. खपल्या उडायच्या, ती गोळा करायची, पुन्हा ठक. माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, "अण्णा, त्यो एक दिस राह्यलाय."

"कुठला दिवस?"

"कंडक्टर निरोप घिऊन आलता. बुधवारी जेवायला येताय म्हनून. मी हुग्गी केलती. तुमी दुसऱ्या दिशी आलासा."

"काही नाही अव्वा, उशीर झाला. वाटेत गुऱ्हाळावर थांबलो. त्या दिवशी काही झालं नाही."

बत्ता थांबला.

"काय झालं न्हाय त्येच सांग की," अव्वा म्हणाली. "झालेलं मला लई हाय."

ती पुढं म्हणाली, "त्यो दिस माजा हुता. माज्या घरात यायचा हुता. तुमी तकडंच ठेवलासा. आता दे."

तिला काय देऊ? ज्या दिवसात साखळी नाही, कुत्रं नाही, खाडी नाही, तो दिवस सांगायला सुरुवात कुठून करायची? तो मी कधी कुणाला सांगितला नव्हता. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नव्हतं. माझी अडचण अव्वाला समजली असावी. तिनं पुन्हा बत्ता उचलला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "उठलासा कवा?"

उठलो उशिरा, मी म्हणालो. गारगोटीत शाळेच्या वऱ्हांड्यात झोपलो होतो. पोरं आली तेव्हा जाग आली. बसू पांघरुणात तोंड घालून पडला होता आणि पोरं त्याच्याभोवती गोल करून उभी होती.

"मफलर हुता न्हवं?"

"होता. झोपतानासुद्धा गळ्यातच होता."

"व्हय," अव्वा म्हणाली. ठक.

मग स्टँडवर चहा प्यालो. वेदगंगेवर तोंडं धुतली. पाणी इतकं गार की बसूनं नुसती बोटं बुडवली आणि ओली बोटं डोळ्यांना लावून 'झाली आंघोळ' म्हणाला. थोडा वेळ पाण्यात दगड मारत बसला. मी घाई केली तेव्हा निघालो. मुदाळतिट्ट्याच्या पुढं रस्ता खराब होता. तो पुढं, मी मागं. खड्डा, व्हय. खड्डा, व्हय. आणि मग रस्त्याकडेच्या गुऱ्हाळावरून हाक आली, "ओ पावणं! सायकली आडव्या करा!"

हाक मारणारा बाबालाल, तिथला गुळव्या. काहिलीतला, म्हणजे त्या भल्यामोठ्या कढईतला, रस उकळून गूळ कधी झाला हे ठरवणारा माणूस. उघडाबंब, डोक्याला टॉवेल, हातात लांब दांड्याचं फावडं. आमची पाटी वाचून म्हणाला, "कन्याकुमारी तकडं हाय. हिकडं कुटं निघालासा?" बसू म्हणाला, "मामू, बघून आलो. हाय जाग्यावर." सगळं गुऱ्हाळ हसलं. आम्ही दुपारी घरी जेवायला जाणार आहोत, हे मी सांगून बघितलं. बाबालाल म्हणाला, "जावा की, धरलंय कुनी? पन गुऱ्हाळावरनं कोरड्या तोंडानं गेलं तर गूळ बिघडतोय, त्येचं पाप तुमच्या डोस्क्यावर." हे ऐकल्यावर कोल्हापूरचा माणूस निघू शकत नाही. निघालाच तर तो कोल्हापूरचा नव्हे.

"रस किती प्याला?" अव्वानं विचारलं.

"तांब्यावर तांब्या. मग बाबालालनं उसाच्या कांडक्यावर गरम गूळ गुंडाळून दिला. त्यानं फुंकरसुद्धा मारली नाही. जीभ पोळली. मग जीभ बाहेर काढून वाऱ्याला धरून बसला."

"हावरं," अव्वा म्हणाली. तिचा आवाज तसाच होता, बसू समोर असताना असायचा तसा. मी मान खाली घातली आणि सांगत राहिलो.

रसानं पाय जड झाले. पलीकडं एक झाड होतं, त्याच्याखाली आडवे झालो. ते झाड चिंचेचं की शिरीषाचं यावर आमचा वाद झाला. झोप लागेस्तोवर आम्ही भांडत होतो. आज माझ्या डोळ्यांसमोर त्या झाडाची सावली आहे, बुंध्याला टेकवलेल्या दोन सायकली आहेत, पण वादात मी कुठल्या बाजूला होतो ते आठवत नाही. विचारायचं कुणाला? दोघांनी मिळून जगलेला दिवस होता. त्यातलं निम्मं तो बरोबर घेऊन गेला, आणि माझ्याकडं जे आहे ते खरं की खोटं हे सांगणारं आता कुणी नाही. दुःख दुःख म्हणतात ते पुष्कळदा एवढंसंच असतं, एका झाडाएवढं. ते मला अजून पेलत नाही.

"मग?" अव्वा म्हणाली.

मग जागे झालो तेव्हा ऊन कललं होतं. इंजिनाची टुकटुक चालू होती, बैल रवंथ करत होते. मी म्हणालो, चल, अजून अंधाराच्या आत पोचू. बसू चिपाडाच्या ढिगावर पालथा पडला होता. तो म्हणाला, "अण्णा, आजच्या दिस ऱ्हाऊया की. उद्या गेलं की संपलंच."

इथं मी थांबलो. पुढचं सांगावं की नाही कळेना. अव्वाचा बत्ताही थांबला होता.

"मी त्याला म्हणालो, अव्वा वाट बघत असेल. तर तो म्हणाला, हुग्गी केली असंल अव्वानं. उद्या गार खाऊ. गार झाली की तिच्या वड्या पडत्यात, त्या मला लई आवडत्यात."

"म्हनला तसं?"

"म्हणाला."

एक मुंगी रव्यावर चढली होती, तिला अव्वानं फुंकर घालून उडवलं. मग म्हणाली, "सांग."

सांगण्यासारखं थोडंच उरलं होतं. संध्याकाळपर्यंत तो त्या लोकांबरोबर ओली चिपाडं वाळायला पसरत होता. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याला बसवत नव्हतं. कुणाशी तरी बैलाच्या शिंगांवरून बोलत होता, काय बोलत होता ते मला ऐकू आलं नाही. मी काहिलीजवळ शेकत बसलो होतो. सूर्य उसाच्या मागं गेला. धूर खाली उतरला. तो दोनदा माझ्याकडं बघून उगीचच हसला. एवढंच. त्याहून काही नाही. त्या महिन्यात त्याचं तोंड मला इतका वेळ दुसरीकडं कुठंच दिसलं नव्हतं.

अव्वा दर वाक्याला "व्हय" म्हणत होती. गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो तसा. पण मला तो माझाच आवाज वाटत होता. मी महिनाभर त्याच्या मागून तेच म्हणत आलो होतो.

"मग जेवलो आणि झोपलो," मी म्हणालो.

"त्यो जेवला?"

"जेवला."

"काय हुतं?"

"गुऱ्हाळावरच्या माणसांनी वाढलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, मिरचीचा खर्डा. वर काकवी."

"पोटभर जेवला?"

"पोटभर. बाबालालच्या ताटातलीसुद्धा अर्धी भाकरी खाल्ली."

"थंडीचं निजलासा कुटं?"

"काहिलीखालच्या चुलवाणाच्या भिंतीला. रात्रभर ऊब होती तिथं. त्यांनी घोंगडंही दिलं. तो पडला आणि लगेच झोपला. गुडघासुद्धा हलत नव्हता."

अव्वानं पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. बोळाकडं, सायकल उभी होती तिकडं बघत ती हळू आवाजात म्हणाली, "आसू दे. मग झोपू दे त्येला."

गूळ अजून निम्मा फोडायचा राहिला होता. पण तिनं हातातला बत्ता आवाज न करता पोत्यावर ठेवला.